बाफुओनचा जीर्णोद्धार : ढासळलेल्या भिंतींची एकावन्न वर्षांची कथा

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की आपल्या नजरेसमोर प्रथम उभा राहतो तो कळस. त्यानंतर गाभारा, सभामंडप, फरशी, रंगकाम. देणगी देणाऱ्या भाविकालाही आपली देणगी अशाच एखाद्या दिसणाऱ्या कामी लागावी असे वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु कळस उभा असतो भिंतींवर, भिंती उभ्या असतात जोत्यावर. आणि देऊळ टेकडीवर, नदीकाठी किंवा भरावाच्या जमिनीवर असेल तर ते जोते उभे असते भरावाची माती धरून ठेवणाऱ्या संरक्षक भिंतीच्या जोरावर. या भिंतीकडे सहसा कोणी पाहत नाही. ती फुगली, तिला तडा गेला किंवा एखाद्या पावसाळ्यात ती ढासळली म्हणजेच तिची आठवण होते.

अशाच ढासळलेल्या भिंतींची आणि त्या पुन्हा उभ्या करणाऱ्या माणसांची एक कथा येथे सांगावयाची आहे. हे देवालय आपल्या देशातले नसले तरी देव आपल्या ओळखीचा आहे. कंबोडिया देशात, म्हणजे प्राचीन कंबोज देशात, अंगकोर येथे ‘बाफुओन’ नावाचे एक भव्य शिवमंदिर आहे. त्याच्या जीर्णोद्धाराला १९६० साली सुरुवात झाली आणि तो २०११ साली पुरा झाला. मध्ये एकावन्न वर्षे गेली. ती का गेली, आणि काम अखेर कशाच्या बळावर तडीस गेले, हे जीर्णोद्धाराचे काम हाती घेणाऱ्या प्रत्येक गावाने जाणून घ्यावे असे आहे.

राजाने बांधलेला पर्वत

अकराव्या शतकाच्या मध्यास कंबोज देशावर दुसरा उदयादित्यवर्मा हा राजा राज्य करीत होता. त्याची कारकीर्द इ. स. १०५० ते १०६६ अशी मानतात. देवांचे निवासस्थान जो मेरू पर्वत, त्याचे रूप म्हणून राजधानीच्या मध्यभागी शिवालय उभारावे, अशी तेथील राजांची रीत होती. उदयादित्यवर्म्याने बांधलेला असा पर्वत म्हणजे बाफुओन.

या मंदिराचा तळ सुमारे १२० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद आहे. एकावर एक चढत जाणारे चौथरे आणि माथ्यावर गर्भगृहाचा मनोरा अशी त्याची रचना होती. मनोरा नसतानाही त्याची उंची सुमारे ३४ मीटर, म्हणजे ११० फुटांच्या वर भरते. पूर्वेकडून देवळाकडे जाण्यासाठी आखूड दगडी खांबांवर उचललेला सुमारे दोनशे मीटर लांबीचा मार्ग आहे. गोपुरांवर रामायण-महाभारतातील प्रसंग लहान लहान चौकटींत कोरलेले आहेत. १२९६-९७ साली झोउ दागुआन हा चिनी दूत अंगकोरला येऊन राहिला होता. त्याने या देवळाच्या उंच मनोऱ्याचे वर्णन काशाचा मनोरा असे केले असून, शेजारच्या बायोन मंदिराच्या सोनेरी मनोऱ्यापेक्षाही तो उंच असल्याचे नमूद केले आहे.

मात्र बाहेरून अखंड पाषाणाचा वाटणारा हा पर्वत आतून पाषाणाचा नाही. अंगकोरचा प्रदेश सपाट व गाळवट असून तेथील जमिनीत वाळूचे प्रमाण मोठे आहे. एवढा मोठा डोंगर सर्वस्वी घडीव दगडांनी भरून काढणे कोणत्याही राजाला परवडणारे नव्हते. म्हणून पोटात वाळूचा भराव करून बाहेरून वालुकाश्माच्या घडीव चिऱ्यांची भिंत रचली गेली. हे चिरे चुन्याशिवाय, नुसते एकमेकांना घासून बसवलेले होते. खालच्या चौथऱ्याचा भराव झाला की त्याच भरावावर वरच्या चौथऱ्याची भिंत उभी राहिली, आणि तिच्याही पोटात वाळूच भरली गेली. सारांश, बाफुओन हे वरून देऊळ दिसत असले तरी बांधकामाच्या दृष्टीने पाहता ते एकावर एक रचलेल्या संरक्षक भिंतींचे देऊळ आहे.

भिंत का फुगते?

शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धान्याने भरलेली कणगी चोहोबाजूंनी बाहेर रेटा देते, म्हणून तिची वीण घट्ट असावी लागते. भिंतीमागची माती किंवा वाळू हेच करते. कोरडी वाळू ओतली तर ती ठराविक उताराचा ढीग करून थांबते. त्याहून उभी राहत नाही. तिला सरळ उभे राहावयास लावणे म्हणजे तिच्या घसरण्याच्या स्वभावाला भिंतीने अडवून धरणे होय. भिंत पुरेशी जाड व जड असेल, तर कोरड्या वाळूचा हा रेटा ती वर्षानुवर्षे सोशीत राहते.

खरा शत्रू आहे तो पाणी. भरावात पाणी शिरले आणि त्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर वाळूच्या रेट्यात पाण्याचा स्वतःचा दाब मिळतो. पाणी दहा फूट उंच तुंबले तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे तीन टन एवढा आडवा दाब बसतो. सर्वसाधारण वाळूचा हिशेब केला तर कोरड्या भरावापेक्षा पाण्याने पूर्ण भरलेल्या भरावाचा भिंतीवरील रेटा अडीच पटींच्या घरात जातो. जी भिंत उन्हाळ्यात निर्धास्त उभी असते, तीच श्रावणात का ढासळते, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

वाळूच्या बाबतीत आणखी एक घात होतो. चुन्याशिवाय रचलेल्या चिऱ्यांच्या दरजांतून पाणी झिरपते तेव्हा ते एकटे जात नाही. बारीक वाळू सोबत घेऊन जाते. वर्षाला मूठमूठ वाळू गेली तरी शतकानुशतकांनंतर आत पोकळी होते. मग वरची फरसबंदी खचते, खचलेल्या जागी पावसाचे पाणी साचते आणि साचलेले पाणी आणखी आत उतरते. बाफुओनमध्ये तर वरच्या चौथऱ्याची भिंत खालच्या वाळूवरच उभी असल्यामुळे खालची वाळू हलली की वरची भिंतही हलणार हे ठरलेलेच होते. कंबोडियात मे ते ऑक्टोबर मोसमी पाऊस असतो. असे नऊशे पावसाळे या भिंतींनी झेलले.

कारागिरांना कौशल्य नव्हते असा याचा अर्थ नव्हे. चिऱ्यांचे घडीव काम आणि त्यांवरील शिल्पे पाहिली म्हणजे त्यांच्या हाताविषयी आदरच वाटतो. परंतु हात कितीही कुशल असला तरी पोटातली जमीन आणि तिच्यातले पाणी यांचा बंदोबस्त झाला नाही, तर काम टिकत नाही.

१९४३ ची पडझड

राज्य लयाला गेल्यावर अंगकोरच्या बऱ्याच देवळांना रानाने वेढले. विसाव्या शतकाच्या आरंभी, कंबोडिया फ्रेंचांच्या अंमलाखाली असताना, अतिपूर्वेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेने ही देवळे मोकळी करून त्यांची जपणूक करण्याचे काम हाती घेतले. बाफुओनवरील झाडी व ढिगारे काढण्याचे काम १९०८ नंतर सुरू झाले. परंतु ढिगारा काढला म्हणजे इमारत सावरली असे होत नाही. १९४३ साली देवळाचा मोठा भाग कोसळला. आता नुसता टेकू देऊन किंवा दरजा भरून भागणार नाही, हे त्या वेळी सर्वांच्या ध्यानी आले.

अशा पडझडीवर उपाय करण्याची एक पद्धत तोवर अंगकोरला रुळली होती. इमारतीचे दगड क्रमाने उतरवायचे, प्रत्येकाची नोंद करायची, आतले काम भक्कम करायचे आणि मग तेच दगड त्याच जागी पुन्हा बसवायचे. पाश्चात्त्य तज्ज्ञ या पद्धतीला ‘अ‍ॅनास्टायलोसिस’ म्हणतात. जावा बेटावर डच तज्ज्ञ ती वापरीत होते. त्यांच्याकडून ती शिकून घेऊन आंरी मार्शाल यांनी १९३१ पासून बांते स्रेई या छोट्या, सुंदर मंदिरावर प्रथम अंगकोरमध्ये तिचा वापर केला होता.

बाफुओनसाठी हीच पद्धत बेर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी निवडली. ग्रोलिए यांचा जन्म नोम पेन्हचाच, १९२६ सालचा. १९६० साली त्यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. देवळाचे सुमारे ३ लाख दगड उतरवण्यात आले आणि ते भोवतालच्या रानात सुमारे दहा हेक्टर, म्हणजे पंचवीस एकर जागेत ओळीने मांडून ठेवण्यात आले. कोणता दगड कोणत्या थरातला, कोणाशेजारचा, याच्या नोंदी व आकडे कागदावर उतरवले गेले. दर्शनी चिऱ्यांच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशी लोखंडी सळयांच्या काँक्रीटची, म्हणजे आर. सी. सी. ची भिंत बांधावयाची, वाळूचा रेटा तिने सोसावयाचा आणि जुन्या चिऱ्यांवर फक्त स्वतःचे वजन राहू द्यावयाचे, अशी ही योजना होती. प्राचीन वास्तूच्या पोटात काँक्रीट घालणे हे सर्वच जाणकारांना रुचणारे नसते. परंतु नऊशे वर्षे जे ओझे चिऱ्यांना पेलले नाही, तेच पुन्हा त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता.

कागद गेले, दगड राहिले

काम दहा वर्षे चालले होते. तोच १९७० साली कंबोडियात सत्तापालट होऊन यादवी युद्ध पेटले आणि अंगकोरचा परिसर लढाईच्या आघाडीवर आला. पुढे थोडा काळ काम कसेबसे चालले. नंतर ते बंद पडले. देऊळ अर्धे उतरवलेले, दगड रानात मांडलेले, अशा अवस्थेत सर्वांना तेथून निघावे लागले.

एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज या संघटनेने राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली. त्यानंतरच्या पावणेचार वर्षांत त्या देशाच्या लाखो लोकांचे प्राण गेले. त्या हाहाकारात राजधानीत ठेवलेल्या बाफुओनच्या नोंदी आणि नकाशेही नष्ट झाले. माणसांच्या संहारापुढे कागदांची हानी ती काय, असे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. परंतु देवळापुरते पाहिले, तर जे नुकसान नऊशे पावसाळ्यांनी केले नव्हते ते या एका घटनेने केले. दगड जागच्या जागी होते. पण कोणता दगड कोठला, हे सांगणारे काही उरले नाही. ग्रोलिए १९८६ साली निवर्तले. काम पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

याच वर्षांत इंडोनेशियातील जावा बेटावर मात्र अशाच प्रकारचे एक काम सुखरूप पार पडले, त्याचा उल्लेख येथे करावयास हवा. बोरोबुदूर हा आठव्या-नवव्या शतकातील प्रचंड बौद्ध स्तूप एका टेकडीला चिऱ्यांचे टप्पे बांधून उभारलेला आहे. पावसाचे पाणी टेकडीच्या पोटात शिरून त्याच्याही भिंती कलल्या होत्या. १९०७ ते १९११ या काळात फान एर्प या डच अधिकाऱ्याने तेथे पहिली दुरुस्ती केली होती. परंतु भिंतीमागच्या पाण्याचा पुरता बंदोबस्त न झाल्यामुळे दुखणे पुन्हा उद्भवले. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीत चौकोनी टप्प्यांचे दहा लाखांहून अधिक दगड हलवून, खाली काँक्रीटचा पाया घालून, भिंतीमागे पाणी गाळून बाहेर काढणारे थर व नळ बसवून ते टप्पे पुन्हा रचले गेले. १९८३ साली हे काम पूर्ण झाले. पहिल्या दुरुस्तीत पाण्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, म्हणून दुसरी करावी लागली, हा बोरोबुदूरचा धडा आहे.

पुन्हा सुरुवात

कंबोडियात १९९१ साली शांतता करार झाला. १९९२ साली अंगकोरचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला आणि अनेक देशांनी तेथील देवळांच्या दुरुस्तीस हातभार लावला. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तर त्याआधीच, १९८६ ते १९९३ या काळात, परिस्थिती पुरती निवळली नसतानाही अंगकोर वाट मंदिरावर काम केले होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुढे ता प्रोम या मंदिराचे कामही भारताने अंगावर घेतले.

बाफुओनचे काम १९९५ साली पुन्हा सुरू झाले. पूर्वी तेथे काम केलेले वास्तुविशारद झाक ड्यूमार्से यांचा अनुभव या वेळी उपयोगी पडला. बोरोबुदूरच्या जीर्णोद्धारातही त्यांचा सहभाग होता. पुढे कामाची धुरा पास्काल रॉयेर या तरुण वास्तुविशारदाने सांभाळली व शेवटास नेली.

समोर चित्र काय होते? रानात झाडोऱ्याखाली विखुरलेले ३ लाख दगड, आणि हाती नोंदवही नाही. चुना न वापरता घासून बसवलेल्या चिऱ्यांची गंमत अशी, की प्रत्येक चिरा फक्त आपल्याच जागी बसतो. शेजारच्या जागी तो बसवू पाहिला तर बसत नाही. म्हणजे एका अर्थाने हरवलेली नोंद दगडांच्या अंगावरच होती. ती वाचणारी नजर हवी होती. पॅरिसमध्ये जपून ठेवलेली शेकडो जुनी छायाचित्रे मिळाली. देवळाची मापे व दगडांची मापे नव्याने घेण्यात आली. नक्षीची रेघ कोठे तुटते आणि कोठे जुळते, हे पाहत दगडाला दगड लावून बघण्याचे काम सुरू झाले.

आणखी एक मोलाची मदत झाली ती माणसांच्या आठवणीची. १९६० च्या दशकात ज्यांनी हे दगड उतरवले होते त्यांपैकी काही ख्मेर कामगार एवढ्या संहारातून वाचले होते. ते आता वयस्क झाले होते. दगड कोणत्या क्रमाने उतरवले, कोणत्या बाजूचे दगड रानात कोठे नेऊन ठेवले, याची त्यांना जाण होती. कागद गेले तरी हातांनी लक्षात ठेवले होते. या जुन्या माणसांच्या बरोबरीने नव्या पिढीतील कामगार तयार झाले.

सोळा वर्षे हे काम चालले. सुमारे १ कोटी युरो खर्च झाला व त्याचा मुख्य भार फ्रान्सने उचलला. ३ जुलै २०११ रोजी कंबोडियाचे राजे नोरोदोम सिहामोनी आणि फ्रान्सचे तत्कालीन पंतप्रधान फ्रांस्वा फियाँ यांच्या उपस्थितीत बाफुओन पुन्हा लोकांना खुले झाले. उद्घाटनानंतर तीन वर्षांच्या आतच, २०१४ साली, रॉयेर यांचे निधन झाले.

बुद्धमूर्तीचा प्रश्न

या जीर्णोद्धारात भिंतींइतकाच अवघड असा एक प्रश्न विचाराचा होता. पंधराव्या-सोळाव्या शतकात, तेथील जनता बौद्ध झाल्यावर, देवळाच्या पश्चिम अंगाला चौथऱ्याच्या भिंतीवरच पहुडलेल्या बुद्धाची एक प्रचंड आकृती दगडांनी रचण्यात आली. तिची लांबी सुमारे ७० मीटर, म्हणजे जवळजवळ २३० फूट आहे. तिच्यासाठी लागलेले दगड बहुधा माथ्यावरच्या मनोऱ्याचेच काढलेले होते. आता मूळ शिवालय जसेच्या तसे उभे करावयाचे, तर बुद्धमूर्ती मोडावी लागणार. आणि मूर्ती ठेवावयाची, तर मनोरा कायमचा जाणार.

जीर्णोद्धार करणाऱ्यांनी मूर्ती राखली व तीही सावरून घेतली. मनोरा पुन्हा उभारला नाही. ज्या भाविकांनी नंतरच्या काळात त्या जागी माथा टेकला त्यांची श्रद्धाही त्या देवळाच्या इतिहासाचाच भाग आहे, असे त्यांनी मानले. पडलेले उभे करताना मध्यंतरीच्या पिढ्यांनी केलेले पुसून टाकू नये, हा विवेक भिंती सावरण्याच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा होय.

आपण काय घ्यावे?

गावचे देऊळ आणि बाफुओन यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे खरे. परंतु जमीन, पाणी आणि दगड यांचे नियम राजाच्या देवळाला व गावच्या देवळाला सारखेच लागू असतात. डोंगरउतारावर किंवा ओढ्याकाठी जोते असेल, काळ्या जमिनीवर भराव असेल, तर संरक्षक भिंत बांधताना तिच्या उंचीआधी तिच्यामागच्या पाण्याचा विचार करावा. भिंतीमागे मातीऐवजी गोटे व खडी यांचा थर असावा, पाणी बाहेर पडण्यासाठी भिंतीत भोके असावीत, आणि दर पावसाळ्याआधी ती बुजली नाहीत ना हे कोणी तरी पाहावे. छपराचे व अंगणाचे पाणी भरावात न मुरता दूर जावे. भिंत फुगल्यासारखी दिसली तर बाहेरून गिलावा करून तिचे दुखणे झाकू नये. जुने चिरे उतरवावे लागले तर आधी छायाचित्रे काढावीत, प्रत्येक चिऱ्यावर आकडा घालावा, आणि नोंदीची वही एकीच्या दोन करून दोन ठिकाणी ठेवावी. बाफुओनच्या नोंदींची दुसरी प्रत सुरक्षित जागी असती, तर पुढच्या कामाची कित्येक वर्षे वाचली असती.

देणगीदारांनाही एक विनंती कराविशी वाटते. गटार, पाया, भिंतीमागची खडी या कामांवर नावाची पाटी लागत नाही. ती जमिनीत गाडली जातात आणि उद्घाटनाच्या दिवशी कोणाला दिसत नाहीत. परंतु कळस पुढच्या पिढीला दिसावयाचा असेल, तर तो याच कामांच्या आधारावर दिसणार आहे. या कामी दिलेला रुपया कळसाच्या रुपयाहून कमी पुण्याचा नाही.

जीर्णोद्धाराच्या निमित्ताने स्मरणिका काढण्याचा हेतूही हाच असतो. तीत देणगीदारांची नावे असतात, कार्यकर्त्यांच्या श्रमांची आठवण असते. त्यांच्याच जोडीला काम कसे केले, पाया किती खोल नेला, पाण्याला वाट कोठून दिली, हेही लिहिलेले असले आणि ती घरोघर जपली गेली, तर शंभर वर्षांनी जो कोणी हे काम पुन्हा हाती घेईल, त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही.